खापर आणि कहाणी

धरणगाव या कसब्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कागदपत्रांची वाण पडणार नाही. १६७४ साली इंग्रजांनी येथे आपली वखार घातली. शिवछत्रपतींच्या आणि पुढे संभाजीराजांच्या फौजा या बाजारपेठेवर चालून आल्या, त्याच्या नोंदी वखारीच्या पत्रव्यवहारात सापडतात. १८२५ साली आउट्रम नावाच्या तरुण इंग्रज अंमलदाराने भिल्लांची पलटण उभारली आणि तिचा तळ याच गावी ठेवला, त्याची साद्यंत हकिकत सरकारी दप्तरात आहे. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा जो बारावा खंड खान्देशासाठी म्हणून निघाला त्यात या परगण्याची जमाबंदी, पिके, पेठा, रस्ते आणि हवापाणी यांचा तपशील मोठ्या कसोशीने नोंदविलेला आहे. आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा जो मुलगा १८९० साली या गावी जन्मास आला, त्याला १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ही गोष्ट तर शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु ज्या घरांतून महसूल वसूल झाला, ज्या घरांतली माणसे पलटणीत भरती झाली, त्या घरांत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी चुलीवर काय शिजत होते, ते शिजत असता घरातली म्हातारी नातवंडांना काय सांगत होती आणि ती जे सांगत होती ते तिला कोणी सांगितले होते, याची रुजवात करू म्हटले तर एकही दप्तर उपयोगी पडत नाही. त्या अलिखित भागाची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

धरणगाव, एरंडोल, अमळनेर आणि चोपडा या बाजूच्या काही घरांतून ज्या कहाण्या ऐकावयास मिळाल्या आणि जे पदार्थ करून दाखविण्यात आले, त्यांचा हा संग्रह आहे. संग्रह करताना पहिला प्रश्न उपस्थित झाला तो मांडणीचा. कहाण्या एका भागात आणि पाककृती दुसऱ्या भागात, अशी वाटणी करावी, म्हणजे लोकसाहित्याच्या अभ्यासकास एक भाग आणि गृहिणीस दुसरा भाग सोयीचा होईल, असा सल्ला काही जाणत्या मंडळींनी दिला. तो सद्भावनेने दिलेला होता, तरीही तो स्वीकारता आला नाही. कारण जसजसे हे काम पुढे गेले तसतशी एक गोष्ट मनात दृढ होत गेली, ती ही की, खान्देशी घरात कहाणी आणि स्वयंपाक या दोन निरनिराळ्या वस्तू नाहीतच. कोणता पदार्थ कोणत्या तिथीस करावयाचा हे कहाणी सांगते, आणि कोणती कहाणी कोणत्या वेळी सांगावयाची हे पदार्थ ठरवितो. पीठ मळून मुरत ठेवले असता जो रिकामा वेळ मिळतो त्याच वेळेत ती कहाणी बसते. या दोहोंची ताटातूट केली म्हणजे हाती उरतो तो एका बाजूस बिनबुडाचा मजकूर आणि दुसऱ्या बाजूस जिनसांची यादी. म्हणून येथे प्रत्येक पदार्थ त्याच्या प्रसंगासह, सांगणाऱ्या व्यक्तीच्या नात्यासह आणि तिने त्या वेळी जे सांगितले त्यासह दिलेला आहे.

ज्या वाचकांस हा मुलूख परिचयाचा नाही त्यांच्यासाठी त्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. तापी आणि गिरणा यांच्या काठची ही काळी, कसदार जमीन. कापूस आणि ज्वारी ही तिची जुनी पिके, आणि पूर्वेकडे रावेर-यावलच्या बाजूस केळीच्या बागा. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा झाला. बोलीची सरहद्द मात्र सरकारने आखलेल्या रेषांप्रमाणे चालत नाही. पश्चिमेकडून येणारी अहिराणी आणि पूर्वेकडची तावडी व लेवा गणबोली यांची गाठ या धरणगाव-जळगावच्या टापूत पडते, आणि एकाच गल्लीत दोन घरांतून दोन बोली ऐकू येतात. या संग्रहातही म्हणून भाषा एकसारखी नाही, आणि ती एकसारखी करण्याचा यत्नही केलेला नाही.

खान्देशी वर्षाचा मध्यबिंदू आखाजी हा होय. इतर महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सोने घेण्याचा आणि दानधर्माचा दिवस; येथे ती सासुरवाशिणीची दिवाळी आहे. सालदाराचे साल आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजावयाचे, ही येथील जुनी वहिवाट. त्यामुळे शेताचा जमाखर्च, माणसाची चाकरी आणि लेकीचे माहेरपण या तिन्ही गोष्टी एकाच तिथीस येऊन मिळतात. चैत्रात मुली गौराई बसवितात. तिच्यापुढे टोपलीत गहू पेरतात. आणि आखाजी आली म्हणजे निंबाच्या फांदीला झोके बांधून माहेरवाशिणी गाणी म्हणतात, ज्यांत सासरचे सारे उणेदुणे आणि बापभावावरची सारी माया मोकळी होते. त्याच दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरावयाची, तिच्यावर लहान मातीचे भांडे, त्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि सांजोऱ्या ठेवावयाच्या, आणि पेटत्या गोवरीवर तूप व अन्न टाकून आगारी द्यावयाची. आंब्याचा रस पितरांना दाखविल्यावाचून घरात कोणी चाखावयाचा नाही, असा जुन्या घरांचा शिरस्ता होता. नैवेद्य मांडताना घरातली वडील स्त्री एकेका पितराचे नाव घेते, आणि प्रत्येक नावामागून एकेक हकिकत निघते: हा भाऊबंदकीत जमीन हरला, ही बाळंतपणात गेली, याने विहीर खणली पण पाणी पाहिले नाही. ज्या कुटुंबांत कधी कोणी वंशावळ लिहून ठेविली नाही, त्यांत चार-पाच पिढ्यांची नावे शाबूत राहिली ती या घागरीमुळे राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि या दिवशीचे मुख्य अन्न म्हणजे खापरावरची पुरणपोळी, जिला येथे मांडा म्हणतात. तिची कृती कागदावर लिहिणे कठीण आहे, आणि संग्रहात ती लिहिली आहे ती त्या मर्यादा ओळखूनच. गव्हाचे बारीक पीठ इतके सैल आणि चिवट मळावयाचे की ते हातावरून ओघळू पाहते. त्यात पुरण भरून तो गोळा पाटावर लाटावयाचा नाही, तर दोन्ही हातांवर, प्रसंगी कोपरापर्यंत, तोलत तोलत फिरवून पातळ करावयाचा, आणि तो रुमालासारखा पसरला म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या तापल्या खापरावर अलगद टाकावयाचा. खापर कमी तापले तर मांडा चिकटतो, अधिक तापले तर करपतो. जाळ कोठे ओढावा, कोठे सारावा, याचे ज्ञान हाताला असते आणि ते हातानेच दुसऱ्या हाताला द्यावे लागते. सोबत आमरस, तिखट सार ज्याला येथे रशी म्हणतात ती, भजी, कुरडया. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, खापरापुढे बसली असता आम्ही मुले तिच्यामागे दाटी करून गोष्टीसाठी हट्ट धरीत असू, तेव्हा ती मान न वळविता म्हणे, “पह्यले मांडा व्हवू दे, मंग सांगसू.” आणि मग एक मांडा खापरावर पडला की त्याला सुटावयास जेवढा अवकाश लागे तेवढीच गोष्ट सांगे, पुन्हा दुसरा हातावर घेई. गोष्टीचा भाग कोठे तुटावा हे तिचे खापर ठरवीत असे. पुढे मी पुष्कळ कथाकारांचे लेखन वाचले, आणि कथनातील विरामाचे एवढे भान फार थोड्यांच्या ठायी आढळले.

श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी नारळाच्या रूपाने तिची स्थापना होते, रात्रभर जागरण आणि गाणी होतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर तिला निरोप दिला जातो. या सणाचे वैशिष्ट्य त्याच्या रोटात आहे. घराण्यात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा मूठ किंवा त्या घरच्या चालीप्रमाणे गहू मोजून घ्यावयाचे, ते एकत्र दळावयाचे, आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी असा स्वयंपाक करून तो साऱ्या भाऊबंदांनी एकत्र खावयाचा. हा प्रसाद भाऊबंदकीबाहेर जाऊ द्यावयाचा नाही आणि पौर्णिमेपूर्वी तो संपविला पाहिजे. मुठी मोजताना नाव घ्यावे लागते. नाव घ्यावयाचे तर तो माणूस आज कोठे आहे, त्याला मुलगा झाला की नाही, तो का दुरावला, याची विचारपूस होतेच. कोर्टात एकमेकांविरुद्ध दिवाणी दावे लढणारे दोन भाऊ रोटापुरते एका पंगतीस बसलेले मी पाहिले आहेत. पुरुषांच्याच नावाने मूठ का, लेकींच्या नावाने का नाही, हा प्रश्न आजच्या मुली विचारतात आणि तो विचारला जावा हेच योग्य आहे. काही घरांतून आता मुलीच्या नावाचीही मूठ घेऊ लागले आहेत. जी परंपरा जिवंत आहे तिला असा प्रश्न सोसतो, असे मला वाटते.

सण हे सर्वांच्या डोळ्यांपुढे असतात. परंतु कहाण्यांचे खरे पीक येते ते सणांच्या अलीकडे, चैत्र-वैशाखातील वाळवणाच्या कामात. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून तिचे बिबडे ओल्या धडप्यावर थापावयाचे. गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालावयाच्या. नागलीचे पापड, शेवया. हे काम एका घराने उरकणारे नव्हे. गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा सावडीने पहाटे जमतात आणि उन्हे चढण्याच्या आत गच्च्या-अंगणे पांढरी होतात. लहान मुलांचे काम कावळे-चिमण्या हाकलण्याचे, आणि त्याची मजुरी म्हणून कढईतला गरम चीक. येथे ज्या गोष्टी होतात त्यांत देवादिकांच्या कहाण्या थोड्या आणि माणसांच्या फार असतात: कोणाचे लग्न कसे मोडता मोडता राहिले, कोणत्या सासूने कोणत्या सुनेला उपाशी ठेवले, पुराच्या वर्षी कोण झाडावर रात्र काढून वाचला. पुरुष तेथे नसतात, म्हणून या गोष्टी मोकळ्या होतात. आणि मुले तेथे असतात, म्हणून त्या पुढील पिढीकडे जातात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या खेळातही तेच, फक्त वयाने धाकट्या मुलींमध्ये. गाणी म्हणून झाली म्हणजे झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखावयाचा, आणि ओळखता यावा यासाठी कोणत्या घरी काय पिकते आणि काय शिजते याची माहिती प्रत्येक मुलीने राखावयाची.

भरताविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण खान्देशी अन्नापैकी बाहेरच्या जगात ज्याचे नाव झाले ते हेच. हिवाळ्यात बामणोद, भादली, आसोदे या बाजूची मोठी, पांढरट-हिरवी, कमी बियांची वांगी बाजारात येतात. कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ती भाजावयाची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचावयाची, आणि तेलात परतलेली कांद्याची पात व शेंगदाणे घालून कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर शेतातच खावयाची. कळणा म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेले पीठ. या पदार्थाचे एक विशेष असे की तो पुष्कळदा पुरुष करतात. शेतावर, थंडीत, जाळाभोवती. आणि म्हणून पुरुषांच्या कहाण्या, म्हणजे बैलांच्या, चोरांच्या, बिबट्याच्या, कुस्त्यांच्या आणि बाजारात झालेल्या फसवणुकीच्या कहाण्या, जर कोठे शिल्लक असतील तर त्या भरताच्या जाळापाशी आहेत. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. आता त्या वांग्याच्या नावाने दुसऱ्या मुलखातले वांगे विकता येणार नाही. जळगाव शहरात भरीत विकत मिळते, आणि चांगले मिळते. तथापि विकत आणलेल्या भरिताबरोबर जाळापाशी चालणारी ती रात्र येत नाही, आणि त्या रात्रीचे मानांकन कोणती कचेरी करील?

या संग्रहातील एक प्रकरण केवळ टंचाईच्या अन्नाचे आहे, आणि ते गाळावे अशी सूचना काही घरांतूनच आली होती. त्यांना त्याची लाज वाटत होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर जी परदेशी तांबडी ज्वारी रेशनवर आली, जिला लोक मिलो म्हणत, तिची भाकर थापताना तुटत असे आणि तिचा वास सोसवत नसे. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर मुलांना सुकडी मिळे. त्या वर्षी लहान असलेली माणसे आज आजोबा-आजी आहेत. मिलोची भाकर तुटू नये म्हणून तिच्यात काय मिसळले, कोणता रानपाला शिजविला, घरात एकच वाटी डाळ असता ती कोणाच्या पानात पडली आणि कोणी भूक नाही म्हणून हात धुतले, हे ज्या घरांनी अखेर सांगितले त्या घरांचा मी ऋणी आहे. सणाचे अन्न सांगताना माणसे थोडे वाढवून सांगतात, हा मनुष्यस्वभाव आहे; टंचाईचे सांगताना कोणी वाढवीत नाही. कुटुंबाचा स्वभाव जाणावयाचा असेल तर वाचकाने आखाजीच्या प्रकरणाइतकेच हे प्रकरण मन लावून वाचावे.

हे सारे क्षीण का होत आहे, याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते थांबले आणि जात्यावरची ओवी थांबली. तो शोक करण्याचा विषय नव्हे, कारण पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्यांना त्या गिरणीने विसावा दिला. गॅसची शेगडी आली आणि धुराने होणारा डोळ्यांचा त्रास गेला. परंतु खापराला हवा असलेला चौफेर जाळ तिच्यावर मिळेना. मांडे करणारी घरे कमी झाली म्हणून कुंभाराने खापरे घडविणे कमी केले, आणि खापरे मिळेनाशी झाली म्हणून मांडे आणखी कमी झाले. ज्वारीची जागा ताटात गव्हाने आणि शेतात कापसाने घेतली. आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील धरणगावच्या स्टेशनातून तरुण माणसे पिढ्यान् पिढ्या सुरतेकडे गेली. तेथील लिंबायत, उधना, दिंडोली या वस्त्यांत आज खान्देशी माणसांची इतकी दाटी आहे की कानबाई तेथेही बसते आणि तिची मिरवणूक निघते. परगावी गेलेल्यांनीच सण अधिक कसोशीने पाळावा, हे पाहून मला आनंदही होतो आणि विचारही पडतो. कारण सण पाळला जातो, परंतु त्या घरांतली मुले गुजराती किंवा हिंदी बोलत वाढतात, आणि आजीची गोष्ट अर्धी समजते. ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशीस स्वतंत्र स्थान दिले. २००१ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार माणसांनी खान्देशी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. २०११ मध्ये ती संख्या सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. अनेक बोलणारे मराठी असेच लिहून देतात, म्हणून या आकड्यांवर फार मोठा सिद्धांत उभारता येत नाही. पण माणसे वाढत असता बोलीचा आकडा उतरावा, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

असा प्रसंग केवळ आपल्यावरच आलेला आहे असे नाही. क्यूबा या बेटावर १९५९ साली राज्यक्रांती झाली, आणि पुढील काळात लक्षावधी माणसे तेथून निघून अमेरिकेतील मायामी व अन्यत्र वसली. हवानाच्या निट्झा विलापोल या बाईंचे पाकशास्त्रावरील पुस्तक अनेक घरांनी बरोबर नेले, आणि परमुलखात वाढलेल्या मुली त्यावरून आजीचे काळे घेवडे आणि भात शिकल्या. त्याच बाई मात्र बेटावरच राहिल्या, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० नंतर जी भीषण टंचाई आली तिच्यात, हाती जे असेल त्यातून घर कसे चालवावे हे त्या दूरचित्रवाणीवरून आपल्या देशभगिनींना सांगत राहिल्या. लिडिया काब्रेरा या दुसऱ्या विदुषीने आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांकडून कथा, मंत्र आणि वनस्पतींचे ज्ञान गोळा केले. १९५४ साली तिचा मुख्य ग्रंथ हवानात निघाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच ती देश सोडून गेली, ती १९९१ साली मायामीतच वारली. सामग्री आहे पण वाडा आणि गणगोत नाही, अशी स्थिती एका किनाऱ्यावर. गणगोत आहे पण सामग्री नाही, अशी दुसऱ्या किनाऱ्यावर. तरीही नाताळच्या आदल्या रात्री दोन्ही किनाऱ्यांवर कुटुंबे एकत्र बसतात आणि वडील माणसे बोलू लागतात. सुरतेतील आणि धरणगावातील खान्देशी घरांमध्ये समुद्र आडवा नाही, राजसत्तेची भिंत नाही. एका रात्रीची आगगाडीही लागत नाही. त्यांना जे साधले ते आपणास साधू नये याला कारण दाखविता येणार नाही.

आपल्याकडे या कामाचे उत्तम दाखले आहेत, आणि सर्वांत थोर दाखला याच जिल्ह्यातला आहे. आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. चूल, जाते, शेत यांच्या कामात त्यांच्या ओठी जे आले ते सोपानदेव या त्यांच्या चिरंजिवांनी आणि पितांबर चौधरी या आप्ताने वेळोवेळी टिपून ठेविले, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते ग्रंथरूपाने बाहेर आले. घरातील एका माणसाने कागद जवळ ठेविला नसता तर महाराष्ट्र केवढ्या धनास मुकला असता, याची कल्पना करवत नाही. धरणगावपासून जवळच्या अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ कोकणातल्या घराची असली तरी तिची घडण रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींची आहे, आणि तिच्यातील ‘अळणी भाजी’चे प्रकरण वाचले म्हणजे एक भाजी आणि एक गोष्ट परस्परांत कशी मुरते ते ध्यानी येते. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पाकशास्त्राच्या बाजूने १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ ही पुस्तके घरोघर गेली, आणि ‘रुचिरा’तील वाटी-चमच्याच्या मापाने असंख्य नववधूंचा संसार सावरला.

या सर्वांविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक निवेदन केले पाहिजे. आपल्या पाकपुस्तकांतून मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घराचे स्वयंपाकघर अधिक उतरले. खान्देशी, वऱ्हाडी, मराठवाडी चूल पुष्कळ काळ त्यांच्या बाहेरच राहिली, आणि आली तेव्हा एका पानापुरती, मापात बसविलेली आली. लोकसाहित्याच्या संग्रहांत गीत आले, पण ते म्हणत असता त्या बाईच्या हाताखाली काय होते हे क्वचितच आले. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश, डॉ. सुधीर देवरे यांचे अहिराणी लोकपरंपरेवरील लेखन, अशा कष्टांमुळे बोलीच्या अभ्यासाचा पाया घातला गेला आहे. त्यावर घरोघरच्या चुलीपाशी बसून लिहिण्याचे काम आता घरच्याच माणसांनी केले पाहिजे. परक्या संशोधकास म्हातारी कहाणी सांगते ती पाहुण्यास वाढावे तशी, निवडून आणि नेटकी करून. नातीला ती सांगते तेव्हा मधेच रागावते, विसरते, रडते, आणि जे कोणाला सांगू नये म्हणून बजावलेले असते तेही सांगून टाकते.

म्हणून या संग्रहात काही नियम पाळले आहेत आणि ते वाचकांनी स्वतःच्या घरासाठी वापरावेत अशी इच्छा आहे. सांगणाराचे बोलणे ज्या बोलीत झाले त्याच बोलीत ठेविले आहे. शुद्ध करून घेतलेले नाही. मापे मूठ, ओंजळ, शेर, तांब्या अशी ज्याची त्याची आहेत, आणि जेथे शक्य तेथे त्या हातची मूठ ग्रॅमांत मोजून शेजारी लिहिली आहे, म्हणजे परगावच्या मुलीसही पदार्थ साधावा. एकच कहाणी दोन घरांत दोन प्रकारे आढळली तेव्हा दोन्ही दिल्या आहेत. खरी कोणती, याचा निवाडा केलेला नाही. घरातील भांडणांच्या हकिकती सांगणाऱ्यांच्या संमतीनेच, नावे वगळून घेतल्या आहेत. आणि पुरुषांना मुद्दाम पाटावर बसविले आहे. मांडा हातावर तोलावयास मुलगे शिकले, आणि त्यांना तो साधला, हे येथे नमूद करणे मला महत्त्वाचे वाटते, कारण जी विद्या केवळ सुनेनेच शिकावी असा दंडक असेल ती सून नोकरीला गेली की संपते, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

वाचकांस आता एकच विनंती आहे. आपल्या घरी खापर असेल तर ते अडगळीत टाकू नका. नसेल तर कुंभाराकडे मागणी नोंदवा, कारण मागणी आली तर तो घडवील. येत्या आखाजीस घागर भरताना पितरांची जी नावे घेतली जातील ती, त्यांच्या हकिकतींसह, त्याच दिवशी लिहून काढा. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तिथी आणि त्या दिवशी चुलीवर काय होते हे वर लिहा. जी वयस्क मंडळी आज सांगू शकतात त्यांच्याकडे आधी जा, आणि लिहिलेल्या वहीची एक प्रत परगावी असलेल्या भावाबहिणीकडे पाठवा.